मंगळवारचा ओझोन

"'मंगळवारचा ओझोन'? मग बुधवारचा कुठाय रे, मिथुन?"

गार्गीने बॅनर असा ओढला की दोरीच सुटली. मुलुंडच्या हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शन सुरूच होणार होतं. मिथुन छपाईच्या दुकानात कामाला होता, बॅनर त्यानेच टाइप केला होता. तो गुपचूप दोरी बांधायला लागला.

"काना एक अक्षर पुढे सरकला यार. मंगळावरचा, कळतं लोकांना."

"थांबले तर कळेल ना! गेल्या वर्षी माझ्या टेबलापाशी एकच माणूस थांबला. तो पण बाथरूम कुठाय विचारायला."

"मग चिकटवतो ना! स्टिकरचा काना कापून आणलाय, चुकीच्या कान्यावर पट्टी मारतो. ओरडतेस काय?"

पण चढायला स्टूल मिळेना. तेवढ्यात दार उघडलं. आलेले सगळे सरळ पलीकडच्या टेबलावरच्या रोबोटकडे पळाले. गार्गी खाली बघत राहिली.

"अगं, काना चुकला तुझा," एक बाई थबकून म्हणाल्या.

"हो काकू. मंगळ ग्रह. बघा ना!"

तिने नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. पांढरं फडकं निळंशार चमकलं. मध्ये तिने प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा धरला. त्यावर सनक्रीमचा नुसता हात फिरवलेला, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. फडक्यावर मात्र काळा डाग पडला.

"क्रीमने अतिनील किरण खाल्ले. मंगळावर ओझोन तेच करतो. तिथून उलटून येणाऱ्या उन्हात हे किरण किती कमी पडले, ते मंगळाभोवती फिरणारं यान मोजतं. जेवढे गायब, तेवढा ओझोन."

बाईंनी लगेच सुनेला हाक मारली.

चूक काढायला कोणीही थांबतं. बघता बघता टेबलाभोवती घोळका झाला. बोलून बोलून गार्गीचा घसा बसला, तरी ती हसतच होती. मिथुनला कुठूनतरी स्टूल मिळालं. तो काना घेऊन वर चढला.

"काना खंय गेलो?" खालून एक म्हातारे काका गरजले. "कोणा गाढवान लिवल्यान ह्यां?"

मिथुनचे कान लाल झाले. तो उडी मारून उतरला. गार्गीने डोळेच मिटले.

"मी लिवलंय," तो म्हणाला आणि काना खिशात कोंबला. "या इकडे, दाखवतो."

त्याने गार्गीच्या हातातला दिवा घेतला. एकदा चुकला, तेव्हा तिने बसक्या आवाजात सुधारलं.

"परत दाखव," काका म्हणाले.

मिथुनचा फोन वाजला. दुकानाचा मालक.

"काका, दिवा तुम्ही धरा. मागच्यांना तुम्हीच दाखवा आता. मला निघायला पाहिजे."