बिनपेडलची जीप

आत्याने एकतीस वर्षं डोंगर मोजले. सर्व्हे खात्यात होती. तिपाई, दुर्बीण आणि पाण्याची बाटली घेऊन ती कड्यांवरून, ओढ्यांतून, निसरड्या धारेवरून हिंडली आणि तिला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातला बल्ब बदलायला ती स्टुलावर चढली आणि पडली. स्टुलाची उंची पावणेदोन फूट. हे तिने स्वतःच मला सांगितलं, हॉस्पिटलच्या खाटेवरून. मी घरी जाऊन मोजलं, तर खरंच पावणेदोन भरलं. कंबरेखालचा भाग तेव्हापासून बंद.

त्याला आता आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत आत्याला लोकांनी जेवढं उचललं, तेवढं घर बदलणाऱ्यांनी कपाटालाही उचललं नसेल. बँकेला पायऱ्या, थिएटरला पायऱ्या, दातांच्या डॉक्टरकडे तर जिना. प्रत्येक ठिकाणी चार अनोळखी माणसं कुठूनतरी उगवतात आणि तिला विचारायच्या आत चाकांच्या खुर्चीसकट उचलतात. त्यांत एक जण कायम नुसत्या सूचना देणारा असतो. "डावीकडून धरा, डावीकडून!" तो स्वतः हात लावत नाही, पण वर पोचल्यावर सगळ्यात जास्त दम त्यालाच लागलेला असतो.

"मी एकदा मोजलं," आत्या म्हणाली, "एका वर्षात एकशे चौदा वेळा. त्यातल्या नऊ वेळा मला तिथे जायचंच नव्हतं."

तिला जायचं होतं ते एकाच ठिकाणी. गावाबाहेरच्या डोंगरावर एक मोठं पठार आहे. तिथपर्यंत सात किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो आणि तो रस्ता कुठून काढायचा हे तरुणपणी आत्यानेच आखून दिलं होतं. त्या पठारावर तिला पुन्हा जायचं होतं, आणि स्वतः गाडी चालवत जायचं होतं. दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी होती. तिला कोणी उचलून न्यायचं नाही, ढकलत न्यायचं नाही, मागच्या सीटवर उशीसारखं ठेवूनही न्यायचं नाही.

त्याच सुमाराला वनखात्याने अपंगांसाठी डोंगर खुला करायची योजना जाहीर केली. आम्ही उत्साहाने बघायला गेलो. गेटपासून एक छान रुंद सिमेंटचा रॅम्प केला होता, दोन्ही बाजूंना निळे कठडे. साठ पावलांवर रॅम्प संपत होता आणि तिथे एक बाक होता. बाकावरून पंपहाऊसची मागची भिंत दिसायची.

आत्याने खुर्ची त्या बाकाला चिकटवून उभी केली.

"खुर्चीवरून आलेल्या माणसाला बसायला बाक," ती म्हणाली. "असं सुचायलासुद्धा डोकं लागतं."

त्याच संध्याकाळी तिने मेस्त्रींना फोन केला. मेस्त्री म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेला माणूस. जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला जोडता येते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप शोधली आणि मोडीतल्या एका गाडीचा क्लच न लागणारा गिअरबॉक्स तिला बसवला. स्टिअरिंगवर दाराच्या मुठीसारखी गोल मूठ लावली, म्हणजे डाव्या हाताने एकट्याने वळवता येईल. उजव्या हाताला एक दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की गाडी पळणार. खुर्चीलाही रुंद टायर चढवले. आत्या दोन महिने शेजारच्या मोकळ्या मैदानात शिकली, परीक्षा देऊन लायसन्स काढलं, आणि निरीक्षकाने पास केल्यावर त्यालाच घरापर्यंत सोडून आली.

मेस्त्रींनी एवढं सगळं अगदी चोख केलं. फक्त जाता जाता पेडल काढून टाकली.

"पेडल कुठे गेली हो?" मी विचारलं.

"ताईंना काय उपयोग?" मेस्त्री म्हणाले. "उगीच जागा अडत होती. तिथे थर्मास ठेवायला कप्पा केलाय बघा."

कप्पा खरोखर सुबक होता. त्यामुळे पुढे काय होणार हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं असेल, पण ती बोलली नाही.

पठारावर जायच्या परवानगीसाठी आम्ही अर्ज केला. उत्तर आलं की गुरुवारी तपासणीची फेरी होईल. फेरी यशस्वी झाली तर कायमची परवानगी, नाही झाली तर रस्ता गाड्यांसाठी बंद, आणि योजना रॅम्पपुरती पूर्ण झाली असं समजण्यात येईल. म्हणजे आत्याला आयुष्यभर पंपहाऊस.

गुरुवारी सकाळी मी, आत्या आणि मेस्त्री गेटवर पोचलो. अधिकारी साहेब आधीच आले होते. सभ्य, घामाघूम, बगलेत फाईल आणि पायांत इतके नवे बूट की चालताना स्वतःच दचकत होते. सोबत त्यांची ऑफिसची लांबट पांढरी गाडी, काळा चष्मा लावलेला ड्रायव्हर, आणि सहा वनरक्षक. वनरक्षकांनी एका खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधून ठेवले होते.

"सगळी व्यवस्था केलीय मॅडम," साहेब म्हणाले. "आमची माणसं तुम्हाला वरपर्यंत उचलून नेतील. दर पाऊण किलोमीटरला खांदेबदल."

"मला उचलायचं नाही," आत्या म्हणाली.

"संकोच करू नका हो. गेल्या वर्षी यांनी पाण्याची टाकी वर नेलीय."

"भरलेली?"

"रिकामी," एक वनरक्षक प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग टाकीलाच परत न्या. मी गाडीने जाणार."

साहेबांनी फाईल उघडली. नियम सात. वाहन चालवणारी व्यक्ती धडधाकट असावी. अपंग व्यक्तीने मागच्या सीटवर बसावं आणि पट्टा लावावा. आत्याने लायसन्स दाखवलं. साहेबांनी ते आदराने दोन्ही हातांत घेऊन वाचलं आणि परत दिलं.

"हे डांबरी रस्त्याचं झालं, मॅडम. या गेटच्या आत नियम सात." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे तुमचे भाचे ना? चांगले उंचपुरे आहेत की. ते चालवतील."

मी आत्याकडे बघितलं. आत्याने मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री बॉनेट पुसायला लागले.

"चालवू दे की," आत्या म्हणाली. "मी खालीच थांबते. आधी त्याला शंभर पावलं चालवून दाखवू दे."

मी बावीस वर्षं गाडी चालवतोय. आत्मविश्वासाने बसलो, गाडी सुरू केली. गाडी हळूच पुढे सरकली आणि माझा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधायला गेला. त्याला थर्मास सापडला. मी थर्मास दाबला. थर्मासने जमेल तेवढं केलं, म्हणजे झाकण उघडून माझ्या मोज्यांत गरम चहा ओतला.

पाय भाजलेला माणूस हातात जे काही असेल ते आपल्याकडे ओढतो. माझ्या हातात दांडा होता.

जीप उसळली. समोर रस्ता होता, पण मी बघत होतो मोज्यांकडे. जीप सरळ रॅम्पवर चढली, दोन्ही निळ्या कठड्यांच्या मधून, कुठेही न घासता साठ पावलं गेली आणि बाकावर आदळून थांबली. उद्घाटनानंतर त्या रॅम्पवरून चाकांवर वर गेलेला, आत्या सोडली तर, मी पहिलाच. बाकाचे दोन तुकडे झाले होते.

"दांडा पुढे ढकल रे!" आत्या खालून ओरडत होती. "पुढे! तुझ्याकडे नाही!"

"आता कळलं!" मी ओरडलो.

साहेबांच्या ड्रायव्हरने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, ही पुस्तकं वाचणारी माणसं. यांना गाडीची भाषा कळत नाही. द्या इकडे."

त्याने जीप उलटी घेत झकास खाली आणली. दोनदा सांगितलेलं त्याच्या एकदम लक्षात राहिलं होतं. ओढलं की पळणार, ढकललं की थांबणार. गेटमधून तीस पावलं तो अगदी रुबाबात गेला, एक कोपर खिडकीबाहेर काढून. तेवढ्यात झुडपातून एक कोंबडी रस्त्यात आली.

वीस वर्षांच्या अनुभवाने माणसात काय काय साठतं ते तेव्हा दिसलं. त्याने दोन्ही पाय एकदम जमिनीवर आदळले आणि दोन्ही हात हॉर्नवर ठेवले. बिचारी जीप स्वतःच्या मनाने, माणसाच्या चालीने, कोंबडीच्या मागे मागे जायला लागली. तो हॉर्न दाबत होता, पाय आपटत होता, पुन्हा पाय आपटत होता. शेवटी कोंबडी डावीकडच्या चरात उतरली, आणि जीपही उतरली.

ड्रायव्हर बाहेर आला. "ब्रेक फेल आहे, साहेब."

"ब्रेक हातात होता," मेस्त्री पहिल्यांदाच बोलले. "पायात नव्हता. तुम्ही पत्रा दाबत होतात. बघा, पोचा पडलाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. पाच वाजेपर्यंत अहवाल वर पाठवायचा होता आणि त्याला पठारावरचा फोटो जोडायचा होता, ज्यात अपंग व्यक्ती स्पष्ट दिसली पाहिजे. ऑफिसची पांढरी गाडी पहिल्या दगडालाच पोट टेकणारी होती.

"मेस्त्री, ती पेडल परत बसवा," ते म्हणाले.

"बसवतो की. गॅरेजच्या भिंतीला ठोकलीत, शर्ट टांगायला. पण खालचं सगळं जोडकाम कापून टाकलंय. पाच दिवस धरा."

"मॅडम," साहेबांचा आवाज मऊ झाला, "उचलायचं बघायचं का? आमची माणसं अगदी हळुवार..."

"नाही."

साहेब सावलीत उभे राहून फाईल वाचायला लागले. आत्याने तोवर खुर्ची जीपपाशी नेली. दोन वनरक्षक धावले.

"हात खिशात," आत्या म्हणाली.

त्यांनी खरोखरच खिशात घातले. तिने खुर्चीमागे अडकवलेली फळी काढली, एक टोक खुर्चीवर, एक सीटवर. तिरप्या झालेल्या जीपमुळे तिला चढण चढावी लागत होती. दोनदा घसरून खुर्चीत परत आली. दुसऱ्यांदा तिचं कोपर दारावर जोरात आपटलं आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी ते पाऊल परत घेतलं. तिसऱ्यांदा ती सीटवर पोचली, एकेक पाय हाताने उचलून आत ठेवला, आणि इंजिन सुरू केलं. थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे. जीप चरातून बाहेर आली. वनरक्षकांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात खिशात होते.

"साहेब, येताय?" आत्याने विचारलं.

"एक मिनिट, मॅडम. नियम अकरा बघतोय."

"बघा सावकाश."

नियम अकरा म्हणत होता की तपासणीच्या फेरीत चालक कोण असावा हे तपासणी अधिकाऱ्याने जागेवरची परिस्थिती पाहून ठरवावं. साहेबांनी परिस्थिती पाहिली. तिचा एक मोजा ओला होता, आणि तिचा दुसरा भाग कोंबडीला शिव्या देत होता. ते मुकाट्याने मागच्या सीटवर चढले आणि त्यांनी पट्टा लावला. मी आत्याची खुर्ची मागे चढवली आणि त्यांच्या शेजारी बसलो. मेस्त्री खालीच थांबले, बाक जोडून देतो म्हणाले.

ती सात किलोमीटर आम्ही मागे बसून काय केलं ते सांगण्यासारखं नाही. आत्या मात्र बोलत होती.

"इथून उजवीकडे दगड निसटते आहेत, गाडी आतल्या अंगाने घ्यायची. हा ओढा तेव्हा इतका रुंद नव्हता. धरा हं!"

"मॅडम," साहेब डोळे मिटून म्हणाले, "कडेला दरी आहे."

"आहे ना. चारशे दहा फूट. मी मोजलीय."

"मॅडम, मला दोन मुलं आहेत."

"मग बरोबर बसलायत. मागे बसलेल्याला दरी कमी दिसते."

शेवटच्या वळणावर जीप थोडी मागे घसरली. आत्याने दांडा ढकलला आणि गाडी थांबवली. तिच्या मानेवर घाम दिसत होता. समोरचा चढ ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल की परत जाऊ. मग तिने दांडा सावकाश, अगदी बोटभर, आपल्याकडे ओढला. चाकांनी दगड शोधला, धरला, आणि एकाएकी पुढचा चढ संपून नुसतं आकाश आलं.

पठारावर वारा होता आणि गुडघाभर गवत. मी खुर्ची खाली काढली, ती फळीवरून उतरली. साहेबांनी चार फोटो काढले. एकात आत्या हसत होती, तो त्यांनी काढून टाकला, कारण त्यात ती अपंग दिसत नव्हती.

"छान झालं," ते म्हणाले. "पास आहे, मॅडम. आता निघू या. पाचच्या आत खाली पोचायला हवं."

"तुम्ही व्हा पुढे," आत्या म्हणाली.

"पुढे? गाडी कोण चालवणार?"

आत्याने खुर्ची वळवली आणि गवतातून पलीकडच्या कडेकडे निघाली. रुंद टायरखाली गवत आडवं होत होतं आणि मागे सावकाश उभं राहत होतं.

साहेब जीपपाशी गेले, आत डोकावून दांड्याकडे बघितलं, आणि दार लावून परत आले. खालचा उतार त्यांनी पाहिला, मग आपले बूट पाहिले. शेवटी एका दगडावर बसून त्यांनी बूट काढले. मी पण ओला मोजा काढून वाळत घातला.

त्यांचा फोन वाजला.

"हो, झाली फेरी. यशस्वी. फोटो आहेत... चालक? चालक मॅडमच... नाही, परत कधी येणार ते नाही सांगता येत." त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "अंदाजे?"

"ती आठ वर्षांनी आलीय," मी म्हणालो.

"उद्या पाठवतो अहवाल," साहेब फोनमध्ये म्हणाले.

आत्या आता इतकी लांब गेली होती की गवतावर तिची टोपी तेवढी दिसत होती. मग टोपीही दिसेना. मी उठून उभा राहिलो. दोन मिनिटं तसाच उभा होतो. मग पुन्हा खाली बसलो.