मागून चालणारा सूर

दिग्दर्शक बाईंचा फोन आला तेव्हा ती सहावीचे नकाशे तपासत बसली होती. अर्ध्या वर्गाने वाळवंट समुद्रात नेऊन ठेवलं होतं.

"अगं, तो आवाज मला नाटकभर हवाय," बाई म्हणाल्या.

"कुठला आवाज?"

"तोच गं! जिन्याच्या प्रवेशाला लावलास तो. सूर पुढे जातो आणि त्याच्या मागून कुणीतरी दबकत दबकत येतं. अंगावर काटा आला माझ्या."

"हो हो, तोच ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मागून कोण येतं, हे तिला अजिबात माहीत नव्हतं.

शाळेत ती भूगोल शिकवायची. संगीत हे तिचं घरातलं, मागच्या खोलीतलं काम. एका बाजूला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला घडी केलेली खाट आणि मध्ये कॉम्प्युटर. सॉफ्टवेअरमधल्या सिंथवर, म्हणजे पडद्यावरच्या वाद्यावर, ती छोटे छोटे तुकडे रचायची आणि नवऱ्याला ऐकवायची. तो प्रत्येक वेळी "मस्त!" म्हणायचा, त्यामुळे त्याच्या मताला काडीचीही किंमत उरली नव्हती. हे नाटक हौशी मंडळींचं असलं तरी तिचं संगीत परक्या माणसांच्या कानांवर पहिल्यांदाच पडणार होतं.

नाटक होतं दोन बहिणींचं. एका रिकाम्या इमारतीत त्या अडकून पडतात. आणि तिथेच तिची गाडी अडली होती. कॉम्प्युटरमधला आवाज कसा, धुवून इस्त्री केल्यासारखा. त्यात रिकामी इमारत काही केल्या येईना. म्हणून तिने दादाकडून त्याचा जुना इकोचा डबा आणला. एके काळी दादा बँडमध्ये गिटार वाजवायचा. आता त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गिटार त्याने केव्हाच विकून टाकली, हा डबा मात्र माळ्यावर जपून ठेवला होता. डब्यात टेपचं एक वेटोळं सतत फिरत असतं. आत शिरलेला आवाज टेपवर उतरतो आणि जरा मागे रेंगाळून बाहेर येतो. कॉम्प्युटरमधून सूर साउंड कार्डात, तिथून केबलने डब्यात, डब्यातून दुसऱ्या केबलने परत कार्डात आणि मग पुन्हा कॉम्प्युटरमध्ये. सांगायला सरळ.

पहिल्या खेपेला तिने कशीबशी जोडाजोड केली आणि दोन मिनिटांचा तुकडा बाईंना पाठवून दिला. त्यात मागे सारखी घरघर ऐकू येत होती, म्हणून दादाकडे तक्रार केली. दादा येऊन डबा घेऊन गेला, चार दिवसांनी "जरा पुसूनबिसून आणलाय" म्हणत परत ठेवून गेला. बाईंचा फोन आला तो त्यानंतर.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा सगळं जोडलं. की-बोर्डवर एक सूर दाबला. काहीच नाही. केबल उलट लावली होती. ती सुलट केली, तर एकच सूर वाढत वाढत गेला आणि बघता बघता स्पीकर असा काही किंचाळला की नवरा भांडी टाकून, साबणाच्या हातांनी धावत आला.

"काय झालं? कोण ओरडलं?"

"हाच. परत आलेला आवाज पुन्हा डब्यात जातोय. तिथून पुन्हा येतोय, पुन्हा जातोय."

"मग त्याला जाऊ नको ना देऊ."

"कुठून जातोय तेच तर सापडत नाहीये!"

नवऱ्याने स्पीकरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि "पण ठिणग्याबिणग्या नाहीत ना?" एवढं विचारून तो परत भांड्यांकडे गेला.

दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की परतीचा चॅनेलही बाहेरच्या वाटेला जोडलेला आहे. तो सोडवला. आता इको आला. स्वच्छ, गोल, अगदी वेळेवर. पण मागून कुणी दबकत येत नव्हतं. तिने पाठवलेला तुकडा लावला: येत होतं. नवीन लावला: नाही. पुन्हा जुना, पुन्हा नवीन. दहा-बारा वेळा आलटून पालटून ऐकल्यावर कुठला जुना आणि कुठला नवा, हेच तिला कळेनासं झालं. तिने सरळ दादाला फोन लावला.

"बुटके, तुझ्या कॉम्प्युटरलाच वेळ लागतोय," दादा म्हणाला. "आवाज बाहेर जाऊन परत येईपर्यंत उशीर होतो. तो उशीर मोजायचा आणि तेवढं परतीचं मागे ओढायचं."

"मागे म्हणजे पुढे?"

"मागे म्हणजे आधी."

"आधी म्हणजे पुढेच ना रे?"

"थांब. रविवारी येतो मी."

रविवारी सकाळी दादा आला, तो येतानाच खिशात बारके स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. खुर्ची ओढून जरा तिरका बसला. त्याने कॉम्प्युटरमधून एक टिचकीएवढा आवाज डब्यात पाठवला, परत आलेली टिचकी पडद्यावर दाखवली आणि दोन्हींमधलं अंतर सॉफ्टवेअरला सांगून टाकलं. दोन्ही टिचक्या एकाखाली एक येऊन बसल्या.

"झालं," तो म्हणाला. "घड्याळासारखं."

तिने सूर वाजवला. खरंच घड्याळासारखा. ती आणखीच खट्टू झाली.

"दादा, हा तो नाही."

"तोच आहे. उलट जास्त बरा आहे."

"बरा आहे, पण तो नाही." तिने त्याच्या हातात हेडफोन दिला. "आधी हा ऐक. आता हा."

दादाने हेडफोन डोक्यावर चढवला नाही. एकच बाजू उजव्या कानाशी धरली, आणि नजर मात्र पूर्ण वेळ पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर. "काटा दोन्ही वेळा तेवढाच हलतोय," तो म्हणाला.

"काटा काय सांगतोय? तुला काय ऐकू येतंय?"

"जुन्यात जरा डगमग आहे. ती असणारच. पट्टा सैल होता ना."

"कुठला पट्टा?"

"मोटरचा. रबराचा. पार लोळागोळा झाला होता, टेप कधी धावायची, कधी रखडायची. नवीन बसवला. टेपवरचा आवाज वाचणारं हेडही साफ केलं. तूच म्हणालीस ना, घरघर येते म्हणून?"

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणजे बाईंना जे आवडलं ते बिघडलेलं होतं. आणि ते दादाने मायेने दुरुस्त करून टाकलं होतं. यावर चिडावं की आभार मानावेत, तिला ठरवता येईना. दोन्ही एकदमच तोंडाशी आलं आणि बाहेर पडला तो निराळाच प्रश्न.

"जुना पट्टा कुठे आहे?"

"फेकला. तो कुणी ठेवतं का?"

"आणि तू हेडफोन असा का धरतोस?"

दादा स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालू लागला. ते लवकर आत जाईनात. "डावा कान गेलाय माझा," तो म्हणाला. "म्हणजे, शिट्टी वाजते आत. बाकी काही नाही."

"कधीपासून?"

"बँड सोडला त्याच्या थोडं आधीपासून."

"दुकानामुळे सोडलास ना तू? आईला तर तसंच सांगितलंस."

"दुकानही होतंच की."

इतकी वर्षं ती याच माणसाशी भांडत आली होती, तो एकदा सांगून ऐकत नाही म्हणून. ती उठून चहा ठेवायला गेली आणि गॅस न पेटवताच परत आली.

दादा तोवर डब्याचं झाकण उघडून बसला होता. टेप फिरवणाऱ्या चाकावर त्याने अंगठा हलकेच टेकवला होता. "वाजव," तो म्हणाला.

"काय?"

"काहीही. वाजव तर."

तिने सूर दाबला. सूर निघून गेला, आणि त्याच्या मागून काहीतरी आलं. थांबलं. पुन्हा आलं. दादा अंगठा दाबत होता, सैल सोडत होता. चेहऱ्यावर तोच भाव, जो पूर्वी गिटारच्या तारा ओढताना असायचा. ती वाजवत राहिली.

"हे ऐकायला लागत नाही," तो म्हणाला. "चाक बोटाला सांगतं."

मग त्यांनी मोजलेला उशीर काढून पाहिला, पुन्हा घालून पाहिला, अर्धाच ठेवून पाहिला. आवाज प्रत्येक वेळी वेगळा. जुना कशामुळे तसा आला होता, पट्ट्यामुळे, उशिरामुळे की तिच्या चुकीच्या जोडणीमुळे, यावर दोघांचं जेवणापर्यंत भांडण झालं आणि जेवणानंतरही मिटलं नाही. नवरा मध्येच डोकावून "मस्त!" म्हणून गेला. शेवटी तिने नाटकाचे सगळे तुकडे एका बैठकीत वाजवले आणि दादाने आपल्या अंगठ्याने ते मागे ओढले.

तालमीच्या हॉलमध्ये बाईंनी पहिलाच तुकडा ऐकला आणि खुर्चीतून उठल्याच. "हाच! अगदी हाच तो!"

पण हा तो नव्हता. तिला स्वच्छ कळत होतं. पहिला दबकत यायचा, हा लंगडत येत होता. तिने सांगायला तोंड उघडलं, तोवर बाई दिवेवाल्याला हाका मारू लागल्या होत्या आणि रंगमंचावर धाकटी बहीण त्या सुराला दचकून मागे वळून पाहत होती. ते दचकणं इतकं खरं होतं, की ती गप्पच बसली. बाईंचा कान कच्चा, की आपला? की जुना आवाज ऐकून ऐकून आपणच बिघडवला?

बाहेर पडल्यावर दादाने विचारलं, "तोच होता का गं?"

"बाईंना तोच वाटला."

"आणि तुला?"

"मला काही कळत नाहीये रे, दादा. खरंच."

तो हसला. कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. "प्रयोगाला प्रत्येक वेळी समोर बसून वाजवायचं का? रेकॉर्डिंग लावण्यापेक्षा? मी येईन डबा घेऊन."

"प्रत्येक प्रयोगाला वेगळा येईल तो आवाज."

"येऊ दे की. अंगठ्याचं मी बघतो. कॉम्प्युटरचं तू बघ."

कॉम्प्युटरचं नेमकं काय बघायचं, ते तिला अजूनही कळलं नव्हतं. तरीही ती म्हणाली, "बघते."