अडुसष्ट सालच्या सात विकेट

"कागद घेतलास ना गं, दिपिका? आनि पेन?" लिफ्टमध्ये बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"घेतलंय हो. दोन पेनं घेतलीत."

घोडबंदर रोडवरच्या त्या टॉवरमध्ये सुधीर दातार एकविसाव्या मजल्यावर राहतात. माझे बाबा, कोपरीचे गोमाजी कोळी, एकोणऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघालेले. काम दोन ओळींचं होतं.

बाबांच्या जुन्या क्रिकेट क्लबची शंभरी आहे. भिंतीवर मोठा फलक लागणार, जुन्या खेळाडूंच्या नावांचा. अडुसष्टच्या फायनलमध्ये सात विकेट काढल्या माझ्या बाबांनी, पण स्कोअरच्या वहीत नाव दातारांचं. तेव्हा खेळायला क्लबचा मेंबर असावं लागायचं, आणि कोळीवाड्यातल्या पोराची शिफारस कोण करणार? बाबांनी सहा वर्षं मेंबरांना नेटमध्ये बॉल टाकले. चहा मात्र पायरीवर, मासळीचा वास येतो म्हणून. फायनलच्या सकाळी दातारांचा पाय मुरगळला. कॅप्टनने त्यांची टोपी बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "आज तू सुधीर. तोंड उघडू नकोस." बोलले असते तर भाषेवरून पकडले गेले असते.

त्या सात विकेटवर दातारांना बँकेत नोकरी लागली. बाबा होडीवर गेले, आणि पुढे खाडीत मासळीच उरली नाही.

आता क्लबचे सेक्रेटरी म्हणालेले, दातारांनी लिहून दिलं तर सोमवारी पेंटर फलकावर गोमाजीबाबांचं नाव रंगवेल. बाबांना जन्मात एवढं एकच हवं होतं.

दार दातारांच्या बायकोनं, मंदाकिनीबाईंनी उघडलं. बाबांचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

"या. पण यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत हो. सकाळचा चहासुद्धा आठवत नाही."

दातार खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. "सुधीरशेठ, मी गोमाजी."

दातारांची नजर खिडकीबाहेरच.

"अडुसष्टची फायनल आठवते का?"

म्हातारा ताठ बसला. "न आठवायला काय झालं? सात काढल्या मी. वारा समोरून होता. बूट चावत होते, तिसऱ्या ओव्हरलाच काढून टाकले. अनवाणी टाकले सगळे बॉल."

मी मंदाकिनीबाईंकडे बघितलं. दातारांच्या घरातला मुलगा अनवाणी? जन्मात कधी? बूट चावले ते बाबांना, पहिल्यांदाच घातलेले म्हणून. दातार तर तंबूत पाय बांधून बसलेले.

मंदाकिनीबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं यांनी. पण आता यांच्याकडे एवढंच उरलंय. रोज सांगतात, तेवढा वेळ बरे असतात."

"मग तुम्ही लिहा," मी म्हटलं आणि कागद पुढे केला. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या बाबांकडे तर तेवढंही नव्हतं.

त्यांनी पेन घेतलं. माझं नाव मंदाकिनी दातार, इतकं लिहिलं आणि हात थांबला.

तेवढ्यात दातारांनी बाबांना विचारलं, "आपण होतात का तिथे?"

हीच वेळ होती. मी मनात म्हणत होते, बोला बाबा, एकदा तरी तोंड उघडा.

"होतो ना," बाबा म्हणाले. "नेटमधी बॉल टाकाला असायचो."

"छान, छान," दातार म्हणाले आणि पुन्हा पहिल्या विकेटपासून सांगू लागले. बाबा ऐकत राहिले. एकदा फक्त म्हणाले, "चौथा कॅच स्लिपला होता, शेठ." मग उठून त्यांनी मंदाकिनीबाईंपुढचा कागद घेतला, घडी करून खिशात घातला.

लिफ्टमध्ये मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. इतका राग आलेला मला त्यांचा, सांगता येत नाही. खाली आल्यावर तेच म्हणाले, "आता कोनी मानलं असतं गं."

मंगळवारी मी एकटीच क्लबात जाऊन फलकावरचं दातारांचं नाव बघून आले. घरी बाबा दारातच बसलेले.

"अक्षर बरं काढलंय काय?"

"हो बाबा," मी म्हटलं. "लांबून वाचता येतं."