हात लावायचा नाही

माझ्या नाकावर राग असतो असं बेटावरचे सगळे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्याशिवाय हे काम होत नाही. इथलं पाण्याखालचं प्रवाळ राखीव आहे. बोटीने नांगर टाकायचा नाही, तरंगत्या पिवळ्या गोळ्याला दोर बांधायचा. अंगाला क्रीम फासून पाण्यात उतरायचं नाही. हातमोजेसुद्धा बंद, कारण ते घातले की माणसाला भलताच धीर येतो आणि तो दिसेल ते धरत सुटतो. पाहुण्यांना खाली नेते मी, आणि माझं सांगणं एकच: दोन्ही हात छातीशी, काहीही झालं तरी कशाला हात लावायचा नाही.

शहाण्याला शब्दांचा मार पुरतो म्हणतात. पाहुणे शहाणे नसतात, म्हणून मी त्यांची परीक्षा घेते. खाली गेल्यावर मध्येच मूठ वळून खडकाकडे बोट दाखवते: धर. जो धरेल त्याला बोटीवर सगळ्यांसमोर असा झाडते की तो उरलेली सुट्टी किनाऱ्यावरच काढतो.

त्या आठवड्यात माझी धाकटी बहीण आली होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती भिंतीच्या कडेकडेने चालायची आणि कुणी मोठ्याने बोललं की दाराआड जायची. माझ्याकडून रीतसर बुडी शिकली, आणि शिकलीही छान. तिसऱ्या दिवशी एका मिशाळ पाहुण्याने परीक्षेत खडक धरला. मी त्याची बिनपाण्याने केली. बोटीवर सगळे हसले, मुंगी तेवढी हसली नाही.

"ताई, जरा हळू बोलायचंस ना."

"हळू बोललेलं कुणाला ऐकू जातं?" मी म्हटलं.

परतायच्या दिवशी तिला प्रवाळाचा कडा दाखवायचं मी ठरवलं. सकाळी आम्ही दोघीच निघालो, बोटीवर काका. वीस वर्षं हीच बोट चालवतात ते. दोर बांधून त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "बाई, आज पाणी ओढ घेतंय. बहिणीला नका नेऊ."

"काका, तुम्ही बोट सांभाळा. पाणी मी सांभाळते."

बारा मीटरवर कडा सुरू होतो. तिथवर सगळं ठीक होतं. मुंगी माझ्या उजवीकडे, हात छातीशी, अगदी आज्ञाधारक. मग मला तिच्या तोंडातून सुटणारे बुडबुडे दिसले. ते वर जायचे सोडून आडवे चालले होते, आणि कड्यापाशी पोचल्यावर खाली वळत होते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बुडबुडे खाली जातात म्हणजे पाणी कड्यावरून खोल दरीत कोसळत असतं, आणि त्यात सापडलेलं माणूसही खालीच जातं. कितीही पाय मारा, उपयोग नसतो. उपाय एकच, जे हाताला लागेल ते घट्ट धरायचं. मी खडक धरला. ती माझ्यापासून दोन हातांवर होती आणि तिच्या हाताशी चांगला जाड खडक होता. मी मूठ वळली आणि खडकाकडे बोट केलं. धर!

मुंगीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी पुन्हा खूण केली. तिने हात आणखी घट्ट आवळले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि काळजाचं पाणी पाणी झालं. तिला ती परीक्षा वाटत होती. खरं धर आणि खोटं धर यांत फरक दाखवणारी दुसरी खूण मी कधी ठेवलीच नव्हती.

पाण्याने तिला कड्यावरून उचललं आणि खाली नेलं. ती धडपडली नाही. हात छातीशी धरून, माझ्याकडे बघत, ती सरळ निळ्यात उतरत गेली.

मी खडक सोडला. त्या क्षणी मी काय विचार केला असं कुणी विचारतं तेव्हा मी काहीतरी सांगते, पण विचार वगैरे काही नव्हता, फक्त भीती होती. कानात कळा येत होत्या. मनगटावरचा खोलीचा आकडा अठरा झाला, बावीस झाला, सव्वीसला तिच्या टाकीचा पट्टा माझ्या हाती लागला. दुसऱ्या हाताने मी कडा पकडला. हातात आलं ते मोडलं. दुसरं धरलं, तेही मोडलं. तिसरं टिकलं. मग एका हाताने बहिणीला ओढत आणि दुसऱ्याने प्रवाळ तोडत मी वर चढले. तळहात फाटला. खोलवर रक्त हिरवं दिसतं, आणि ते हिरवंही खालीच वाहत होतं.

ओढ संपली तशी आम्ही वर सरकलो. खोलवरून येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. समोरासमोर थांबलो. मी तिचा दंड सोडला नव्हता. काचेमागे तिचे डोळे विस्फारलेले होते, आणि ते दरीकडे नव्हते, माझ्या तोंडाकडे होते.

काकांनी आम्हाला बोटीत ओढून घेतलं. तिचा पहिला श्वास ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंडाचा पट्टा सुटला. "डोळे फुटले होते का तुझे? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? मेली असतीस!"

मुंगीने अंग चोरलं आणि ती इंजिनाच्या खोक्याला टेकेपर्यंत मागे सरकली.

"बाई, बास आता," काका म्हणाले.

ती थडथड कापत होती. मी टॉवेल घेऊन पुढे झाले, तशी तिने मान खाली घातली. काकांनी माझ्या हातून टॉवेल घेतला आणि तिच्या खांद्यांवर टाकला.

"घाबरलीस ना, पोरी?"

"खाली जाताना नाही घाबरले, काका," ती हळूच म्हणाली. इतक्या हळू, की मला ऐकू जाऊ नये. "मरेन असं मनात आलंच नाही. सारखं वाटत होतं, हात लागला तर ताई वर गेल्यावर सगळ्यांसमोर बोलेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोर सोडला आणि इंजिन सुरू केलं. मी उठून बोटीच्या पुढच्या टोकाला गेले, आणि तिच्यापासून बसता येईल तितकं लांब बसले.