कपाटवाले साहेब आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सीबी रेडिओ आहे, आणि मी एका माणसावर सूड उगवला आहे. स्वतःची गोष्ट सांगताना असं पहिल्याच वाक्यात सांगू नये, हे मला कळतं. पण मनात तेच ठासून भरलेलं असताना तुम्हाला उगाच ताटकळत का ठेवू?

तरी थोडं जन्मापासून सांगतो, नाहीतर मी कोण हे तुम्हाला उमगायचं नाही. गाणी लावतो तो रेडिओ वेगळा. त्याला नुसतं बोलता येतं, ऐकता येत नाही. मला दोन्ही येतं. माझ्या पोटातून एक वेटोळ्यांची वायर निघते आणि तिच्या टोकाला मुठीत मावेल एवढा माइक असतो. माइकचं बटण दाबलं की माझा लाल दिवा लागतो आणि बोलणाऱ्याचा आवाज आसपासच्या दोन-चार कोसांतल्या माझ्यासारख्या सगळ्या रेडिओंत पोचतो. बटण सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत मात्र आपल्याला कुणाचंच ऐकू येत नाही. दिव्याशेजारी काचेआड एक काटा आहे. आवाज खरोखर बाहेर गेला की तो उजवीकडे झेप घेतो.

एका कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसून बायकांनी मला जोडलं. त्यातली एक वायरीच्या प्रत्येक गरम टाक्यावर हळूच फुंकर मारायची. ती फुंकर सोडली तर त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. तिथून मी थेट एका ट्रकमध्ये गेलो.

ट्रकवाले रेडिओवर एकमेकांना टोपणनावानेच हाक मारत. माझ्या ड्रायव्हरला सगळे 'घुबड' म्हणत, कारण रात्रीच्या फेऱ्या त्याच्याच वाट्याला यायच्या. त्याच्या दोस्ताचं नाव 'डुलकी'. माल उतरवून घेता घेता तो एकदा उभ्याउभ्या झोपला होता, ते नाव जन्माचं चिकटलं. पूल खचलाय, घाटात दरड आलीय, पुढच्या ढाब्यावर जेवण बरं नाही, असलं सगळं माझ्यातून जायचं. घुबड मला शर्टाच्या बाहीने पुसायचा आणि म्हणायचा, "आज काय आवाज लागलाय रे तुझा!" इतकं कौतुक मला पुरत असे.

पुढे घुबडाची नजर अधू झाली. मालकाने ट्रक भंगारात काढला, तेव्हा घुबडाने निरोपाची भेट म्हणून मलाच मागून घेतलं. घराच्या हमरस्त्याकडच्या खिडकीत त्याने मला बसवलं, छपरावर अँटेना उभी केली आणि स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मित्रांनो, माझे सगळ्यांत चांगले दिवस ते. अधू नजरेला खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, पण तो त्याला पाठ होता. "डुलक्या, उतारावर ओलं असणार, गाडी आवरून धर," असं तो सांगे. पलीकडून डुलकी ओरडे, "घुबडा, तू खुर्चीतून गाडी हाकतोस, मी गाडीत बसून झोपतो. पगार अर्धा अर्धा!" घरात नवरा-बायको दोघंच. गप्पांची भूक मोठी, आणि ती मी भागवत होतो.

मग घुबड न्हाणीघरात पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्याच दिवसांत ते साहेब आले. जुने रेडिओ विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडायचा त्यांना नाद होता. लोक त्यांना 'कपाटवाले' म्हणत. अँटेना दिसली की त्या दाराची कडी वाजवायची, ही त्यांची रीत. घुबडाच्या बायकोने दार उघडलं.

"ताई, जुना सेट आहे वाटतं? बघू का जरा? मला हौस आहे."

बोलणं साखरेसारखं गोड. ते खिडकीशी आले, माझ्यावरून हात फिरवला आणि तोच हात माझ्या पाठीमागे नेला. तिथे अँटेनाची वायर आट्यांनी घट्ट बसवलेली असते. त्यांनी ते आटे हलकेच सैल केले. रस्त्याकडचे माझे कान बंद झाले, खोलीतलं तेवढं ऐकू येत राहिलं. मग त्यांनी बटणं फिरवली. माझ्यातून नुसती बारीक सूंऽऽ निघाली.

"अरेरे! ताई, हा मेलाय हो."

"असं कसं? परवापर्यंत तर बोलत होते त्यावर."

"जुन्या सेटचं असंच. आतून जळत आलाय. एखाद्या दिवशी ठिणगी पडली म्हणजे पडदा पेटेल. घरात आजारी माणूस आहे म्हणता ना?"

ती माउली घाबरली. नवरा काठी धरून घरी येणार, आणि त्यात आग लागली तर तो पळणार कसा? तिनेच पिशवी शोधून दिली. भंगाराच्या भावात कपाटवाले मला घेऊन गेले. जाताना मी जिवंत होतो, रस्त्यावरचं ऐकू येत नव्हतं एवढंच. ओरडावं म्हटलं, तर बटण दाबायला कुणी नव्हतं.

घुबड घरी आला तेव्हा त्याने आधी खिडकीकडे पाहिलं. बायकोने सगळं सांगितलं. तो तिला एका शब्दानेही बोलला नाही. "बरं झालं, उजेड येईल आता," एवढंच म्हणाला. पण खुर्ची त्याने तिथून हलवू दिली नाही, आणि रिकाम्या खिडकीसमोर तो बसून राहायचा. बायकोला वाटे, याने एकदा रागवावं तरी. हे सगळं मला मागाहून कळलं. ऐकलं तेव्हा माझा राग दुप्पट झाला.

कपाटवाल्यांकडे माझा थाट होता, हे मी नाकारत नाही. मऊ फडकं, काचेचं दार, वर मंद दिवा. घुबडाच्या अंगठ्याने झिजलेलं माझं आवाजाचं बटण काढून त्यांनी नवं लावलं. माझा माइक मळका दिसतो म्हणून एका डब्यात टाकला आणि टेबलावर उभा राहणारा चकचकीत माइक मला जोडला. त्या माइकला बटण नव्हतं, पट्टी होती. पट्टी पूर्ण दाबली की ती खटकन अडकते आणि दाबलेलीच राहते. कपाटवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. कुठला सेट कुठल्या साली निघाला हे ते झोपेतही सांगत, पण रेडिओवर कुणाशी दोन शब्द बोलायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. आणि मी वाट बघत होतो.

एके दिवशी दुपारी त्यांच्याकडे एक नवा हौशी पाहुणा आला. त्याच्यावर छाप पाडायची म्हणून त्यांनी मला कपाटातून काढलं, वीज दिली, गच्चीवरच्या अँटेनाची वायर घट्ट बसवली. चॅनल अजून ट्रकवाल्यांचंच होतं, घुबडाने ठेवलेलं. साहेबांनी पट्टी खालपर्यंत दाबली. खट्ट!

"हॅलो, हॅलो! कोणी आहे का?"

पट्टी अडकलेली, मग उत्तर ऐकू कसं येणार? ते हसले. "बघा, शुकशुकाट. हल्ली कोण बोलतंय यावर? पण लाल दिवा किती सुरेख लागतो, नाही?"

"सुरेखच! मिळाला कुठे हो तुम्हाला?" पाहुण्याने विचारलं.

मित्रांनो, माझ्या अंगातला कण न् कण ताठ झाला. बोला साहेब, म्हटलं, मनमोकळं बोला.

"फुकटात पडला असं समजा. हमरस्त्याकडच्या घरात, खिडकीत होता. नवरा कुणी म्हातारा ड्रायव्हर, तो दवाखान्यात. बाई एकटी. मागून अँटेना सैल केली, म्हटलं, ताई, मेलाय! आग लागेल! बाईने पिशवीसुद्धा स्वतः आणून दिली हो!"

"आणि तिला काही कळलं नाही?"

"छे! सगळीकडे हीच युक्ती चालते. जिवंत सेट म्हटलं की लोक घासाघीस करतात. मेलेल्यावर कोण अडून बसतं?"

दोघं खदखदून हसले. ते हसू मी जसंच्या तसं रस्त्यावर सोडलं. नाक्यावर ट्रक उभे होते, त्या प्रत्येकात ते वाजलं. डुलकीही तिथेच होता. त्या दिवशी त्याला झोप आली नाही.

बोलणारा जवळ असला की ऐकणाऱ्या सेटचा काटा चढत जातो. डुलकीने ट्रक वळवला आणि काट्याकडे बघत निघाला. काटा उतरला की मागे, चढला की पुढे. इकडे मी तापत चाललो होतो. इतका वेळ सलग बोलायची आम्हाला सवय नसते, मधे श्वास लागतो. आवाज बाहेर फेकणारा माझा भाग भाजू लागला. थांबावंसं वाटलं का? मुळीच नाही. जळालो तरी बेहत्तर, पण यांचं वाक्य अर्धं सोडणार नाही, असं मी ठरवलं होतं.

शेवटी गल्लीत डुलकीचा भोंगा वाजला. खिडकीतून तो माझ्या माइकमध्ये शिरला आणि डुलकीच्या मागून आलेल्या दुसऱ्या ट्रकच्या रेडिओत ऐकू आला. घर सापडलं.

दार उघडून कपाटवाले म्हणाले, "कोण आपण?"

"तुमचे श्रोते," डुलकी म्हणाला. "इतका वेळ बाहेरून ऐकत होतो, म्हटलं आता समोर बसून ऐकावं."

साहेबांनी माझ्या लाल दिव्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं उमजलं. तो चेहरा मला माझ्या कपाटात ठेवावासा वाटला. पाहुणा चपला शोधू लागला. डुलकीने मला काखेत घेतलं. "याचा खरा माइक कुठाय?" साहेबांनी मुकाट्याने डबा उपडा केला.

मी घरी आलो. घुबडाने बटण दाबलं, बोलला. काटा जागचा हलला नाही. मी ऐकू शकत होतो, पण माझा आवाज जळून गेला होता. "भाड्या, सगळं त्या माणसासाठी खर्चून आलास होय?" तो म्हणाला आणि मला बाहीने पुसू लागला. डुलकीने नवा भाग शोधून आणायचं कबूल केलं.

तिकडे बातमी नाक्यानाक्यावर फिरली. कपाटवाले कुठेही गेले तरी आतून आवाज येई, "आमचाही मेलाय हो!" आणि दार लागे. शेवटी ते घुबडाकडे आले. पडलेला चेहरा, हातात फळांची पिशवी.

"एकदा यावरून सांगा की तुम्ही मला माफ केलंत. लोक मला उभं करत नाहीत."

"मी कशाला? तुम्हीच बोला," घुबड म्हणाला आणि त्याने माइक पुढे केला.

साहेबांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. एकदा पोळले होते, म्हणून दिवा नीट पाहूनच त्यांनी तोंड उघडलं. दिवा माझा शाबूत होता. घुबडाने मला सावरून धरल्यासारखं केलं आणि काट्याच्या काचेवर आपला पंजा ठेवला.

"मी कपाटवाला बोलतोय. या घरातून मी खोटं बोलून रेडिओ नेला. एकट्या बाईला आगीची भीती घातली. आणखीही घरं आहेत... मला लाज वाटते." त्यांचा आवाज चिरकला. खोटा नव्हता तो. मला किंचित कणव आली, ती मी गिळून टाकली.

त्यांनी बटण सोडलं. "कुणी काही बोलत नाही."

"विचार करत असतील," घुबड म्हणाला. "चहा घेऊन जा."

ते हलक्या पावलांनी गेले. बायको म्हणाली, "अहो, सांगायला नको होतं का? यातलं बाहेर काहीच गेलं नाही."

"माफी कुणाची मागायची होती? तुझीच ना?"

"हो."

"तुला ऐकू आली?"

"आली."

"मग पोचली."

त्या दिवसापासून ती माझ्यापाशी खुर्ची ओढून बसू लागली. पुढे डुलकीने नवा भाग आणून बसवला आणि माझा आवाज परत आला. घुबड रोज बोलतो, वळणं सांगतो, थट्टा करतो. साहेबांचा विषय निघाला की मात्र त्याला खोकला येतो.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, असं तुम्हाला सगळे सांगतात. कपाटवाले मला रोज पुसत होते. जपणं म्हणजे वस्तू तिच्या माणसाच्या हाताशी राहू देणं, एवढं मला कळलंय. तुमच्या आजोबांच्या वस्तूला गिऱ्हाईक आलं, तर आधी आजोबांना विचारा.

साहेबांना लोकांची दारं अजून बंदच आहेत. घुबडाच्या एका वाक्याने ती उघडतील, आणि तो मनाने मऊ आहे, कधीतरी बोलेलही. पण बोलणार माझ्यातूनच ना? त्या दिवशी मी बिघडणार आहे.