मैनेच्या दुधाचा खाडा

“यात पाणी तर नाही ना?” मल्हाररावांनी इंजेक्शनची बाटली उन्हात धरून हलवली.

“काका, अँटिबायोटिक आहे. सील तुमच्यासमोरच तोडलं ना!” डॉक्टर तन्वी म्हणाली.

मल्हाररावांनी तुटलेलं सीलही तपासलं. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेण्याचा त्यांना पगार मिळे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम चालू राहिलं. किला गेटच्या घरामागे एक गाय, मैना. आणि सकाळी जयेंद्रगंजातल्या मोजक्या दारांत तिचं दूध घालणं. त्या दारांत त्यांची वाट बघितली जाई, एवढीच आता त्यांची हुद्द्याची जागा.

मैना धापा टाकत होती, नाक वाहत होतं. तन्वीने छातीला नळी लावून निमोनिया सांगितला होता. मानेत सुई गेली. मैना गप्प उभी, कळवळले मल्हारराव.

“कोर्स पूरा करायचा, काका. बरी दिसली म्हणून बीच में सोडायचं नाही. आणि दूध फेकायचं. शेवटच्या सुईनंतरसुद्धा, मी हो म्हणेपर्यंत.”

“फेकायचं? कोण म्हणतं?”

“बाटलीवर लिहिलंय. औषध दुधात उतरतं.”

मल्हाररावांनी चष्मा लावून वाचलं. खरंच लिहिलं होतं. त्यामुळे संशय वाढला. पण दूध त्यांनी खड्ड्यात ओतलं.

“भिंतीपलीकडे दौलतसिंहाच्या म्हशींनाही हीच सुई लागली,” त्यांच्या पत्नी उषाताई म्हणाल्या. “तो कुठे फेकतोय? तुम्ही निदान लोकांना सांगू तरी नका. म्हणा, गाय आटली.”

“खोटं बोलू?”

“चूप तर बसाल!”

मल्हारराव बसले नाहीत. दारोदार जाऊन सांगून आले : गाय आजारी, औषध चालू, दूध बंद.

“औषध?” पहिल्या दारातल्या शालिनीताईंनी डोळे बारीक केले. “म्हणजे आधीही देत असाल.”

“आधी लपवलं असतं, तर आज कशाला सांगितलं असतं?”

“तेच तर विचारतेय मी.”

शेजारचे रमाकांत हसून म्हणाले, “दुसरीकडे चांगलं गिऱ्हाईक मिळालं वाटतं, मल्हारराव?”

जन्मभर त्यांनी लोकांना निरखलं होतं. स्वतः निरखले जाण्याची ही पहिलीच वेळ. लोकांचं काम चोख होतं, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

मैना बरी झाली. तन्वीने हो म्हटलं. उषाताईंनी दूध तापवून बरणीत भरून दिलं.

“आता दौलतसिंह देतो आम्हाला,” शालिनीताई दारातूनच म्हणाल्या. “त्याच्या म्हशी कधी आजारीच पडत नाहीत हो!”

मल्हाररावांना भिंतीपलीकडची सुई आठवली. गिऱ्हाईक गेल्यावर दुसऱ्याच्या म्हशीचा निमोनिया सांगत येणारा माणूस! बँकेच्या दारात असता, तर त्यांनी स्वतःच त्याची झडती घेतली असती.

“पेला देता?” त्यांनी विचारलं. पेला आला. तो भरून त्यांनी तिथेच रिकामा केला.

शालिनीताईंनी त्यांना खालून वर बघितलं. “उद्या बघू.”

रमाकांतांच्या दारात पुन्हा तेच. “तुम्हाला सवय असेल,” रमाकांत म्हणाले.

शेवटचं दार उघडलंच नाही. बेल वाजल्यावर दाराच्या काचेच्या भोकात आतून अंधार झाला. कुणीतरी डोळा लावला होता. मल्हारराव ताठ झाले. बरणीचं झाकण दुधाने भरून त्यांनी त्या डोळ्यासमोर धरलं, नीट दिसेल असं. मग सावकाश प्यायले, मिशा पुसल्या आणि पुन्हा बेल वाजवली.