घरातली कुजबूज

घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, असं प्रल्हादरावांना आयर्लंडमधल्या एनिसला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वाटू लागलं.

ते नागपूरहून मुलीकडे तीन महिन्यांसाठी आले होते. पद्मजा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, जावई शैलेंद्र जवळच्या शॅनन गावात सॉफ्टवेअरमध्ये. दोघं स्वयंपाकघरात बोलत असायची आणि हे दारात दिसले की गप्प व्हायची. नऊ वर्षांची नात स्वरांगीसुद्धा हल्ली काहीतरी पुटपुटायची आणि निघून जायची.

"काय बोलून राहिले तुम्ही लोकं?" एकदा त्यांनी विचारलंच.

"काही नाही, बाबा," पद्मजा म्हणाली.

काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

प्रल्हादराव एकाहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. थोरले भाऊ उपेंद्र शेवटी शेवटी स्वतःच्या मुलालाही ओळखत नव्हते. ते पाहिल्यापासून प्रल्हादरावांनी स्वतःला शिस्त लावून घेतली होती. सकाळी पाच भिजवलेले अक्रोड, नदीकाठाने तासभर चालणं, दुपारी सुडोकू, संध्याकाळी डाव्या हाताने एक पान लिहिणं. पाऊस असला तरी चालणं चुकत नसे.

एका सकाळी अक्रोडाचा डबा जागेवर नव्हता. "इट्स इन द प्रेस, आजोबा!" स्वरांगी शाळेला पळता पळता ओरडली. प्रल्हादराव जिन्याखाली गेले आणि इस्त्रीच्या टेबलामागे डबा शोधू लागले. पद्मजाने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण पद्मजाने काय पाहिलं, तर इस्त्रीपाशी अक्रोड शोधणारे वडील.

त्यानंतर तिच्या प्रश्नांचा रोख बदलला. आज वार कोणता, काल काय जेवलो, सगळं सहज विचारल्यासारखं. प्रल्हादराव सावध झाले. ते उठल्या उठल्या तारीख पाहून ठेवू लागले.

रविवारी दुपारी तिने कागद-पेन्सिल पुढे ठेवली. "बाबा, एक गंमत करू. एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

त्यांनी हाताने अचूक वर्तुळ काढलं, काटे काढले.

मग किटली लावायला ती पाठमोरी झाली आणि तशीच म्हणाली, "तीन शब्द लक्षात ठेवा. पान, काठी, तारा. पाच मिनिटांनी विचारीन."

पाच मिनिटांनी ते ठामपणे म्हणाले, "कान, पाटी, पारा."

पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून प्रल्हादराव उसळले. "मले वेडा ठरवून राहिली का तू? भाऊंसारखं झालं म्हणायचंय ना? तू जे बोलली, तेच सांगितलं मी!"

"बाबा, मी पान म्हणाले होते."

"कान म्हणाली."

तिने दोन्ही याद्या कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या. पान, कान. काठी, पाटी. तारा, पारा. बराच वेळ ती पाहत राहिली. मग उठून त्यांच्या मागे उभी राहिली.

"बाबा, आता मी काय म्हणते ते सांगा."

त्यांनी मान डोलावली आणि वाट पाहिली. "बोल ना," प्रल्हादराव म्हणाले.

ती मागून केव्हाच एक शब्द बोलून चुकली होती.

"तुम्ही काहीच विसरला नाहीत," ती समोर येऊन मोठ्याने म्हणाली. "तुम्हाला ऐकूच येत नाहीये. आणि मी डॉक्टर असून माझ्या लक्षात आलं नाही!"

प्रल्हादरावांना हेही खरं वाटेना. कानाचं यंत्र म्हणजे म्हातारा ठरवण्याची पुढची पायरी, असं म्हणून त्यांनी दहा दिवस टाळाटाळ केली. शेवटी तपासणी झाली, यंत्रं आली. पहिल्या दिवशी फ्रिजच्या आवाजानेसुद्धा ते दचकत होते.

तिसऱ्या दिवशी ते बैठकीत सुडोकू सोडवत होते. स्वयंपाकघरातून पद्मजाचा आवाज आला. बाबांना बाहेर बसून ऐकू येत नाही, असं धरून बोलायची तिची सवय अजून मोडली नव्हती.

"इथे राहायच्या परवान्याचा अर्ज भरून ठेवलाय. बाबा इथेच राहतील. नागपूरचा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू. सही घ्यायच्या वेळी सांगू त्यांना."

"आधी विचार तरी," शैलेंद्र म्हणाला.

प्रल्हादराव उठून दारात गेले. "म्हणजे माझा संशय खोटा नव्हता."

पद्मजाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "तुम्ही तिथे एकटे असता, बाबा. मला भीती वाटते."

"वाटणारच. पण माझं आयुष्य माझ्या मागे काहून ठरवते? समोर बस आणि मोठ्यानं बोल."

ती बसली. अर्ज मध्ये ठेवून दोघं तासभर बोलली. प्रल्हादरावांनी सगळी पानं वाचली, चार ठिकाणी खुणा केल्या आणि सही केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येईन, तेव्हा ठरवू, म्हणाले.

ऑगस्टमध्ये ते नागपूरला परतले. पद्मजा रोज फोन करू लागली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मेधाताई तीनदा वाटीत काही ना काही घेऊन आल्या. चौथ्या खेपेला भरली वांगी आली, तेव्हा प्रल्हादरावांनी फोनवर सरळ विचारलं, "त्यांना तू सांगितलंस का माझ्यावर लक्ष ठेवायला?"



"हो, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "वांगी चांगली झाली होती, सांग त्यांना."